दुकानाच्या कम्प्युटरवर राहिलेलं आधार : वाचकांचे प्रश्न

मागच्या महिन्यात जुन्या लॅपटॉपवर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम, कसं टाकायचं ते लिहिलं होतं, आणि शेवटी म्हटलं होतं की मोबाईल, आधार, पासवर्ड, पाळत ह्यातलं काही विचारायचं असेल तर विचारा. एवढी पत्रं येतील असं खरंच वाटलं नव्हतं. परभणी, वसमत, परतूर, नांदेड, लातूर, गेवराई, सगळीकडून आली. नावं गाळलीत, विषयच तसा आहे. एकच प्रश्न चार-पाच जणांनी विचारला असेल तर त्यातला एक घेतलाय.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेला शिक्षक. मुलगा संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीला आला, घरच्या कम्प्युटरवर लिनक्स टाकून गेला, माझ्या मोबाईलमधले निम्मे ॲप काढले आणि आता रोज फोनवर सांगतो, बाबा हे करू नका, ते उघडू नका. मी म्हणतो आपण साधी माणसं, आपल्याकडं लपवण्यासारखं आहेच काय? सरकारनं बघितलं काय आणि कंपनीनं बघितलं काय. माझं चुकतंय का?
(एक शिक्षक, परभणी जिल्हा)

उत्तर : सर, हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय म्हणून पहिला घेतो. गावातल्या किराणा दुकानदाराकडं उधारीची वही असते. तुमची उधारी किती ते त्याला माहीत, तुम्हाला माहीत, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पगार झाला की फिटायची. पण समजा पोरीच्या सोयरिकीला पाहुणे आले आणि घरी यायच्या आधी दुकानात बसून त्यांनी ती वही चाळली, तर? तुम्ही काही लपवलं नव्हतं तरी जीवाला लागेल, कारण ती वही कुणी बघायची हे तुम्ही ठरवायचं होतं. मोबाईलमध्ये अशा वीस वह्या असतात सर. तुम्ही किती वाजता झोपता, कोणत्या डॉक्टरकडं गेलात, बँकेत किती वेळ थांबलात, कुणाशी रोज बोलता आणि कुणाशी बोलणं अचानक बंद झालं, आणि ह्या वह्या एकमेकीला जोडल्या की माणूस उघडा पडतो. मागच्या वर्षी मी आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल दोन रात्री नेटवर वाचत बसलो होतो, तिसऱ्या दिवसापासून मोबाईलवर काहीही उघडलं की गुडघ्याच्याच जाहिराती. आईनं ते बघितलं आणि विचारलं, अरे त्यांना कुणी सांगितलं? बराच वेळ ती गप्प बसली होती, कारण तिनं ते अजून माझ्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं.

सरकारचं म्हणाल तर, २०१३ च्या जूनमध्ये एडवर्ड स्नोडेन ह्या २९ वर्षांच्या माणसानं अमेरिकेच्या गुप्तचर खात्याची कागदपत्रं पत्रकारांच्या हातात दिली, तेव्हा जगाला कळलं की गुन्हेगार बाजूलाच राहिले, साध्या माणसांनी कुणाला, कधी, किती वेळ फोन केला ह्याच्या नोंदी लाखांनी रोजच्या रोज गोळा व्हायच्या. आणि आपल्याकडची गोष्ट तर तुम्हाला जास्त आवडेल. २०१२ मध्ये आधारच्या विरोधात सुप्रीम कोर्टात गेले ते के. एस. पुट्टस्वामी म्हणजे कर्नाटक हायकोर्टाचे रिटायर न्यायमूर्ती, वय ऐंशीच्या पुढं. सरकारचं म्हणणं पडलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क घटनेत लिहिलेलाच नाही, आणि त्यासाठी १९५४ चा आणि १९६२ चा असे दोन जुने निकाल दाखवले. १९६२ चा खटला खरक सिंग नावाच्या माणसाचा, पोलीस रात्री-अपरात्री त्याचं दार वाजवून तो घरात आहे का बघायचे. शेवटी २४ ऑगस्ट २०१७ ला नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच तो भाग आहे. म्हणजे एका रिटायर माणसानं आपल्या सगळ्यांसाठी हे मिळवून दिलंय.

मुलाला मात्र माझा निरोप द्या, वडिलांचे निम्मे ॲप एका दिवसात काढायचे नसतात, सवय तुटते आणि माणूस चिडतो. एका वेळी एक ॲप घेऊन दोघं बसा आणि ते काय काय मागतंय ते बघा. ई-पीक पाहणीचं ॲप लोकेशन मागतं ते बरोबर आहे, पीक त्याच गटात उभं आहे हे फोटोसोबत दाखवायचं असतं. टॉर्चचं ॲप तुमच्या सगळ्या नातेवाईकांचे नंबर मागत असेल तर ते काढायलाच पाहिजे, तिथं मुलगा बरोबर.

प्रश्न : आमच्या गावच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर दर दोन महिन्याला एक मेसेज फिरतो की दोन निळ्या आणि एक लाल टिक दिसली की सरकारनं मेसेज वाचला समजा, केस होणार, सगळे कॉल रेकॉर्ड होणार. मी ॲडमिन आहे. माझ्यावर केस येईल का? घरचे म्हणायलेत ग्रुपच बंद कर.
(परतूर)

उत्तर : दादा, लाल टिक हा प्रकारच नाही. तो मेसेज कित्येक वर्षं फिरतोय, ग्रुपवरून उडवून टाका. व्हॉट्सॅपचे मेसेज २०१६ पासून एन्क्रिप्ट होऊन जातात, म्हणजे तुमच्या फोनवर कुलूप लागतं आणि समोरच्याच्या फोनवर उघडतं, मधे कंपनीलाही मजकूर वाचता येत नाही. पण कोण कुणाशी कधी बोललं हे कंपनीला कळतं. आणि ग्रुपमध्ये दोनशे माणसं असतील तर दोनशे फोनवर तो मेसेज उघडा पडलेला असतो, त्यातल्या एकानं स्क्रीनशॉट काढला की एन्क्रिप्शन संपलं. बॅकअपचंही तसंच, सेटिंगमध्ये जाऊन एन्क्रिप्टेड बॅकअप स्वतः चालू करावा लागतो, तो चालू करा.

ॲडमिनचं म्हणाल तर मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलंय की ग्रुपमधल्या दुसऱ्यानं काही आक्षेपार्ह टाकलं, तर दोघांचा मिळून तसा हेतू असल्याशिवाय निव्वळ ॲडमिन आहे म्हणून माणूस गुन्हेगार ठरत नाही. तेव्हा ग्रुप बंद करायची गरज नाही, घाण टाकणाऱ्याला काढा.

एक मात्र सांगतो, सरकारला पाळतीचे अधिकार नाहीत असं समजू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६९ आहे, आणि २० डिसेंबर २०१८ च्या आदेशात दहा यंत्रणांची नावं दिलीत. परवानगी द्यायची ती गृहसचिवानं, न्यायाधीशाकडं जावं लागत नाही. हे मला पटत नाही, कधीच पटलं नाही. घराची झडती घ्यायला जसं वॉरंट लागतं तसं इथंही न्यायाधीशाची सही पाहिजे, असं माझं मत आहे.

प्रश्न : मी वसमत तालुक्यात सेवा केंद्र चालवतो. दोन कम्प्युटर, दोन्हीवर विंडोज १०. ते आता बंद पडलं म्हणायलेत आणि ११ काही चढंना, टीपीएम (सुरक्षेची चिप) नाही असं दाखवायलंय. नवीन दोन मशीन घ्यायची ऐपत नाही. लिनक्स टाकलं तर माझी सगळी कामं होतील का, खरं सांगा, उगं लिनक्सचं कौतुक नको.
(सेवा केंद्रचालक)

उत्तर : खरं सांगतो, सगळी होणार नाहीत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन बंद पडत नाही, पण नवीन भोकं बुजवणारे अपडेट येणं थांबतं, आणि दिवसभर लोकांची कागदपत्रं ज्या मशीनवर येतात तिथं हे धोक्याचं आहे. आता लिनक्सवर अडतं कुठं ते ऐका. थंब मशीनची आरडी सर्व्हिस, म्हणजे मशीनला आधारशी जोडणारा प्रोग्राम, बहुतेक विंडोजवर नाहीतर अँड्रॉइडवरच चालते. डिजिटल सहीचा डोंगल काही कंपन्यांचा चालतो, काहींचा नाही. जुन्या छोट्या लेझर प्रिंटरपैकी काही एवढा त्रास देतात की दोन दिवस जातात आणि शेवटी नीट चालत नाहीतच. आणि तुम्ही जर जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये अर्ज टाईप करून ठेवले असतील तर त्या फाईली लिनक्सवर उघडल्या की चिन्हांचा खिचडा दिसतो.

म्हणून एका मशीनवर विंडोज राहू द्या, थंबची कामं त्याच्यावर. त्याच्यासाठी कंपनीनं एक वर्षाचे जादा सिक्युरिटी अपडेट दिलेत, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, तेवढी नोंदणी करून घ्या. दुसऱ्यावर लिनक्स मिंट टाका, लिनक्सचा हा सोपा प्रकार आहे, त्यातलं एक्सएफसीई नावाचं हलकं रूप, ४ जीबी रॅमवर आरामात चालतं. सातबारा, दाखल्यांचे अर्ज, स्कॉलरशिपचे फॉर्म, वीजबिल, हे सगळं ब्राउझरमध्येच असतं, ते तिथं होतं. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तर मशीन नवीन घेतल्यासारखं पळतं. टाकायच्या आधी पेनड्राइव्हवरून लाईव्ह चालवून बघा, विंडोजला हात न लावता, आणि त्यातच तुमच्या प्रिंटरवर एक पान छापून बघा, स्कॅनर लावून बघा. पान निघालं तर पुढं जा.

पण मला तुम्हाला ह्याच्यापेक्षा मोठी गोष्ट सांगायचीय. मागच्या उन्हाळ्यात आमच्या भागातला एक झेरॉक्सवाला कम्प्युटर घेऊन आला, लई हँग होतंय म्हणून. मी डाऊनलोडचं फोल्डर उघडलं. तारखेप्रमाणं लावलं तर सहा वर्षांचं सगळं तिथं पडलेलं. आधार, आधार १, आधार १ कॉपी, न्यू फोल्डर ७, त्यात पासबुकाच्या पहिल्या पानाचे फोटो, पोरींचे शाळा सोडल्याचे दाखले, कुणाचातरी सोनोग्राफीचा रिपोर्ट, एका माणसाच्या घटस्फोटाचे कोर्टाचे कागद. डेस्कटॉपवर 'पासवर्ड' नावाची नोटपॅडची फाईल, त्यात गिऱ्हाइकांचे युझरनेम आणि पासवर्ड एकाखाली एक, पोरं विसरतात म्हणून त्यानं चांगल्या मनानं लिहून ठेवलेले. व्हॉट्सॅप वेब चालू, लोक ज्या नंबरला कागद पाठवतात तो नंबर, म्हणजे जो येईल तो बसून बघू शकतो. मी खाली सरकवत गेलो तर माझ्या सख्ख्या मावशीचं आधार, २०१९ चं. मावशी त्याच गल्लीत राहते. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून लोक निश्चिंत असतात, पण तो पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल, गल्लीतल्या कुणालाही जमेल. त्या दुकानदाराच्या मनात काहीच वाईट नव्हतं, त्याला डिलीट करायचं सुचलंच नव्हतं, आणि कुणी सांगितलंही नव्हतं. पाळत म्हटलं की आपल्याला दिल्ली आठवते, अमेरिका आठवते. मला तेव्हापासून ते फोल्डर आठवतं.

तेव्हा तुमच्या मिंटच्या मशीनवर एवढं करा. सेटिंगमध्ये लॉगिन विंडोचा पर्याय आहे, त्यात गेस्ट सेशन चालू करता येतं. गिऱ्हाइकाचं काम गेस्टमध्ये उघडून करायचं, काम झालं की लॉगआउट, त्या सेशनमध्ये जे डाऊनलोड झालं, जे लॉगिन झालं ते सगळं आपोआप पुसलं जातं. ह्या एकट्या गोष्टीसाठी मी सेवा केंद्रवाल्यांना लिनक्स टाका म्हणतो. इन्स्टॉल करताना डिस्क एन्क्रिप्ट करायचा पर्याय येतो तिथं टिक करा, मग शटर तोडून मशीन नेलं तरी चोराला आतलं काही वाचता येत नाही, फक्त तो पासवर्ड विसरू नका, विसरलात तर तुम्हालाही वाचता येणार नाही. विंडोजच्या मशीनवर रोज शटर ओढायच्या आधी डाऊनलोड आणि रिसायकल बिन रिकामं करा, आणि व्हॉट्सॅपवर आलेले कागद काम झाल्यावर गिऱ्हाइकासमोर डिलीट करा. जिथं चालतं तिथं मास्क्ड आधार काढून द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि दुकानात एक पाटी लावा, 'तुमचे कागद आम्ही ठेवत नाही'. लोक तुमच्याकडंच येतील.

प्रश्न : लिनक्सवर मराठी टाईप होतं का?
(तीन पत्रं, तिन्ही एका ओळीची)

उत्तर : होतं, आणि चांगलं होतं. मिंटमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन भारतीय लेआउटमधलं मराठी निवडा, इनस्क्रिप्ट (सरकारी मराठी कीबोर्ड) येत असेल तर तेच. मराठीत बोलल्यासारखं इंग्रजी अक्षरांवरून टाईप करायची सवय असेल तर फोनेटिक लेआउटही आहे. फॉन्ट युनिकोडमधले, म्हणजे कुठल्याही कम्प्युटरवर मराठी नीट दिसणारे, असतातच. लिब्रे ऑफिस मराठी मेनूसकट मिळतं. जुन्या फॉन्टमधल्या फाईली आधी कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये बदलून घ्या, नंतर एकदा डोळ्यांखालून घाला, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास इकडंतिकडं होते.

प्रश्न : मी नांदेडला बीसीए करतो. आमचा लिनक्सवाल्या पोरांचा ग्रुप आहे, त्यात रोज भांडण, लिनक्सच्या प्रकारांत आर्च चांगलं का मिंट. मिंट वापरणाऱ्याला हसतात. आणि सगळे म्हणतात लिनक्स टाकलं की आपल्याला कुणी ट्रॅक करू शकत नाही, कोड उघडा असतो म्हणून व्हायरस येऊच शकत नाही. हे खरं आहे का?
(विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : मित्रा, तुझ्या ग्रुपमधल्या पोरांचा उत्साह मला फार जवळचा वाटतो, मीही विशीत रात्र-रात्र जागून हेच केलंय. पण हे खरं नाही. लिनक्स टाकलं, त्यात तोच ब्राउझर, तेच अकाउंट लॉगिन केलं, तर ट्रॅक करणाऱ्याला तू विंडोजवर आहेस का लिनक्सवर ह्यानं काही फरक पडत नाही. ऑपरेटिंग सिस्टीम तुझी हेरगिरी करत नाही एवढं मिळतं, आणि ते मोठं आहे, पण बाकीचं काम तुलाच करावं लागतं. फायरफॉक्स, त्यात जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन, वेगवेगळे पासवर्ड, आणि नेटवर सापडलेली सुडोवाली (मशीनचे सगळे हक्क देणारी) कमांड समजून घेतल्याशिवाय टर्मिनलमध्ये न टाकणं. व्हीपीएननं सगळं लपतं असंही तुमच्यात कुणी म्हणत असेल, तर व्हीपीएन म्हणजे नेट कंपनीवरचा विश्वास काढून दुसऱ्या कंपनीवर ठेवणं, आणि सर्ट-इन ह्या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशात व्हीपीएनवाल्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायची असं आहे.

उघड्या कोडचं म्हणतोस तर एक घडलेली गोष्ट ग्रुपवर सांग. एक्सझेड नावाचं फाईल दाबून लहान करायचं एक छोटं साधन आहे, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. ते वर्षानुवर्षं एकच माणूस फुकट सांभाळत होता, थकला होता. जिया टॅन ह्या नावानं एक जण मदतीला आला, दोन वर्षांवर चांगलं काम केलं, विश्वास कमावला, हक्क मिळवले आणि मग २०२४ मध्ये हळूच त्यात चोरदरवाजा बसवला. जगभरच्या सर्व्हरमध्ये शिरता आलं असतं त्यातून. २९ मार्च २०२४ ला ते उघडं पडलं, कसं तर अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला दिसलं की त्याच्या मशीनवर एसएसएचनं, म्हणजे लांबून, लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! दुसऱ्यानं सोडून दिलं असतं, हा खणत गेला आणि कोड उघडा होता म्हणून मुळापर्यंत जाऊ शकला. मुख्य स्थिर आवृत्त्यांमध्ये पोचायच्या आधी ते पकडलं गेलं. म्हणजे उघड्या कोडमध्येही चोर शिरतो, पण बघणाऱ्याला खणायची मुभा असते. बंद कोडमध्ये त्याला तो अर्धा सेकंद जाणवला असता, आणि तक्रार पाठवून वाट बघत बसावं लागलं असतं.

आणि मिंटवाल्याला हसू नका रे. २५ ऑगस्ट १९९१ ला लिनस टोरवाल्ड्सनं, हेलसिंकीचा २१ वर्षांचा विद्यार्थी, पहिल्यांदा जाहीर केलं तेव्हा छंद म्हणून करतोय असंच लिहिलं होतं, आणि लोकांना तुम्हाला काय पाहिजे ते सांगा म्हणाला होता. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सगळ्यात वेगवान ५०० सुपर कम्प्युटरच्या यादीतल्या पाचशेच्या पाचशे मशीन लिनक्सवर आहेत, तुमच्या खिशातल्या अँड्रॉइडचा गाभा लिनक्सच. हे सगळं लोकांना सोबत घेऊन झालंय. मला विचारशील तर पहिल्यांदा येणाऱ्याला मिंट, कॉलेजच्या लॅबला डेबियन, आर्च ज्याला स्वतः जोडून शिकायचंय त्याला. तुम्ही पोरं एवढी जमलाच आहात तर एक रविवार कॉलेजमध्ये टेबल मांडा आणि बंद पडायला आलेले लॅपटॉप चालू करून द्या. जमलं तर मराठी भाषांतरालाही हात लावा, बऱ्याच प्रोग्रामच्या मेनूत निम्मं मराठी आणि निम्मं इंग्रजी असं अर्धवट पडलंय.

प्रश्न : मी १७ वर्षांची आहे, लातूरला नीटच्या क्लाससाठी राहते. पप्पांनी माझ्या चुलतभावाकडून माझ्या मोबाईलमध्ये एक ॲप टाकून घेतलंय, त्यांना माझं लोकेशन, मेसेज, कॉल सगळं दिसतं. मी काही चुकीचं करत नाही. पण मैत्रिणीनं तिच्या घरचं काही सांगितलं तरी पप्पा वाचतात. मी ते ॲप काढू का?
(लातूर)

उत्तर : बाळा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. गुपचूप काढू नकोस, लगेच कळेल आणि मग तुझ्या खरेपणावरच शंका येईल. आधी आईशी बोल, नाहीतर मामाशी, ज्याचं पप्पा ऐकतात त्याच्याशी. आणि पुढचं पप्पांना वाचायला दे.

दादा, पोरगी घरापासून लांब आहे, काळजी वाटणारच, मला पण मुलगी आहे. पण ते ॲप जे वाचतं ते आधी त्या कंपनीच्या सर्व्हरवर जातं आणि मग तुमच्याकडं येतं. तुमच्या पोरीचे मेसेज, फोटो, ती कोणत्या गल्लीतून किती वाजता जाते, हे सगळं एका अनोळखी कंपनीकडं पडून आहे, आणि अशा कंपन्यांचा डेटा फुटल्याच्या घटना जगभर पुन्हा पुन्हा झाल्यात. ही ॲप बसवताना फोनची सुरक्षा बंद करायला लावतात, तुमच्या पुतण्यानंही केली असणार, म्हणजे त्या फोनचं दार आता सगळ्यांसाठीच सैल झालंय. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांचा माग काढायला कंपन्यांना मनाई केलीय, थोडे अपवाद सोडले तर, नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आले आणि अंमल टप्प्याटप्प्यानं होतोय. कायदा कंपन्यांना जे करू देत नाही ते आपणच पैसे देऊन त्यांच्याकडून करून घेतोय. आणि तिची मैत्रीण, तिनं तर तुम्हाला काहीच परवानगी दिली नव्हती, तिच्या घरचं दुःख तुम्ही वाचलंत.

ह्याऐवजी क्लासहून रूमवर येताना व्हॉट्सॅपचं लाईव्ह लोकेशन पाठवायचं, एक तासाचं असतं, वेळ संपली की आपोआप बंद होतं. रात्री नऊला एक फोन. बास. आणि बाळा, घरी बोलायचीच भीती वाटण्यासारखं काही असेल तर १०९८ हा मुलांसाठीचा नंबर आहे, चोवीस तास लागतो.

प्रश्न : माझी आई ऊसतोडीला जाते. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, गावाकडं आली आणि लाडक्या बहिणीचे पैसे काढायला गावातल्या थंबवाल्याकडं गेली. बोटं झिजलीत, थंब लवकर लागत नाही. तो म्हणला आला नाही, परत लावा, परत लावा, असं तीन-चार वेळा लावलं, शेवटी १५०० दिले. आता बँकेत पासबुक भरलं तर तीन वेळा पैसे निघालेले दाखवायलेत. आईला वाचता येत नाही. काय करू?
(गेवराई तालुका)

उत्तर : भाऊ, हा अंक हातात पडेपर्यंत थांबायला लागू नये म्हणून तुम्हाला आधीच फोन केला होता, तरी इथं सगळ्यांसाठी लिहितो, कारण असं खूप जणांसोबत होतंय. आधारवरून पैसे काढताना ओटीपी लागत नाही, पिन लागत नाही, आधार नंबर, बँकेचं नाव आणि बोट एवढ्यावर पैसे निघतात. म्हणून दर वेळी बोट लावणं म्हणजे एक सही आहे असं धरायचं. थंब आला नाही म्हणाला तर त्याची पावती मागायची, व्यवहार फेल झाला तरी पावती निघते. तो देत नसेल तर दुसऱ्यांदा बोट लावायचं नाही.

आता, पहिलं काम १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरला फोन, तारीख, वेळ आणि रक्कम पासबुकावरून बघून सांगायची. दुसरं, त्याच दिवशी बँकेत लेखी अर्ज, दोन प्रती, एकीवर शिक्का मारून घ्यायचा, त्यात थंबवाला बँकेचा प्रतिनिधी आहे हे स्पष्ट लिहायचं. रिझर्व्ह बँकेनं जुलै २०१७ मध्ये परिपत्रक काढलं होतं, ग्राहकाची चूक नसताना गेलेल्या पैशांबद्दल, त्यात बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवण्याला फार महत्त्व होतं, म्हणून उद्यावर टाकू नका. तिसरं, आईच्या खात्याला आणि आधारला मोबाईल नंबर जोडलेला आहे का बघा. ऊसतोडीच्या घरात बऱ्याचदा मुकादमाचा नाहीतर कुण्या पाहुण्याचा नंबर जोडलेला असतो, मेसेज त्याच्याकडं जातो. तो बदलून घ्या.

नंबर जोडला की आधारच्या ॲपवरून किंवा वेबसाईटवरून ओटीपी टाकून बायोमेट्रिक लॉक करता येतं. लॉक असताना कुणी कितीही वेळा बोट लावलं तरी पैसे निघत नाहीत. पण रेशनचा थंबही लागत नाही, म्हणून रेशनला जायच्या दिवशी थोड्या वेळासाठी उघडायचं, घरात हे एकाला तरी यायला पाहिजे, ते तुम्ही शिका. काही अडलं तर आधारचा नंबर १९४७, मराठीत बोलतात. आणि आईचं पासबुक दर महिन्याला भरून तुम्ही स्वतः तिला ओळ अन् ओळ वाचून दाखवा, कोणत्या तारखेला किती आले, किती गेले. अर्जाच्या शिक्क्याच्या प्रतीचा फोटो मला पाठवा, त्यातला खाते नंबर बोटानं झाकून.